पंखाला डॉल्बी जोडताना: विंड टनेलमध्ये प्रवाह-नियंत्रणाची चाचणी कशी करावी

गणपतीच्या मिरवणुका आटोपल्या की कोल्हापुरातल्या स्पीकर दुरुस्तीच्या दुकानांत जळलेल्या कॉइल आणि फाटक्या कोनांची रास लागते. अशाच एका दुकानातून आणलेले चार इंची दोन स्पीकर सध्या आमच्या प्रयोगशाळेत विमानाच्या पंखाच्या दोन टोकांना बसलेत. दुकानदारानं विचारलं होतं, “सर, कुठलं मंडळ?” विमानाचा पंख म्हटल्यावर बिल करताना त्यानं दोनदा मान वर करून बघितलं.

हा लेख इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमटेकला असलेल्या आणि कॉलेजात ६०० बाय ६०० मिलिमीटरचा साधा, हवा ओढणारा विंड टनेल (पंख्यानं हवा खेचून आत ठेवलेल्या मॉडेलवर वारा सोडणारा बोगदा) असलेल्या मुलामुलींसाठी आहे. सक्रिय प्रवाह-नियंत्रण, म्हणजे बाहेरून थोडी ऊर्जा देऊन पंखावरची हवा सुटू न देणं, हे अशा टनेलमध्ये नीट तपासता येतं. उपकरणं जुळवणं त्यामानानं सोपं जातं. चुकतं ते दुसरीकडेच: मिळालेला फायदा कशाशी ताडून बघायचा, तिथे. एका बॅचनं लिफ्ट, म्हणजे पंखाला वर उचलणारं बल, वाढल्याचा सुरेख आलेख काढून टाळ्या घेतल्या होत्या. पुढच्या वर्षी तोच पंख पुन्हा लावला तेव्हा कळलं की त्यातला बराचसा फरक स्पीकर बंद असतानाही येत होता. मीच मार्गदर्शक होतो, त्यामुळे ती चूक माझीही.

हवा सुटते म्हणजे काय होतं

पंखाच्या वरच्या बाजूला हवा पुढच्या कडेजवळ झपाट्यानं वेग घेते आणि तिथून मागच्या कडेपर्यंत वाढत्या दाबाविरुद्ध जाते. पृष्ठभागाला लागून असलेल्या पातळ थरातली हवा घर्षणानं आधीच दमलेली असते. शहरातून भरधाव निघालेली, पण वाघबिळाच्या चढाला दम तुटलेली मालानं भरलेली रिक्षा आठवा. चढ फार झाला की ती थांबते आणि मग मागे सरकायला लागते. पंखावर हेच झालं की प्रवाह सुटतो, लिफ्ट पडते, ड्रॅग म्हणजे हवेचा विरोध वाढतो. हाच स्टॉल.

हा थर, म्हणजे सीमास्तर, लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या परिषदेत मांडला. त्याच निबंधात त्यांनी सिलिंडरच्या अंगावरच्या फटीतून हवा शोषून प्रवाह सुटणं लांबवता येतं हेही दाखवलं होतं. म्हणजे प्रवाह-नियंत्रण सीमास्तराइतकंच जुनं. पुढे एफ-१०४ स्टारफायटरच्या फ्लॅपवर इंजिनातली हवा फुंकली गेली. २०१५ साली बोइंग ७५७च्या उभ्या शेपटीवर डावी-उजवीकडे डोलणारे जेट लावून नासा आणि बोइंगनं उड्डाणं केली.

सतत फुंकायचं तर कॉम्प्रेसर हवा, पाइप हवेत. म्हणून आपण ठोके देत फुंकणारा सिंथेटिक जेट घेऊ. बंद पोकळी, तिला एक बारीक फट, आणि आत हलणारा पडदा. पडदा पुढे आला की फटीतून हवा झोतासारखी बाहेर पडते. मागे गेला की सगळीकडून आत येते. मेणबत्ती फुंकून विझते, श्वास आत ओढून विझत नाही. तोच हा फरक. आत-बाहेर हवेचा हिशेब शून्य, पण झोताचा जोर मात्र पदरात पडतो. हे ठोके सुटू पाहणाऱ्या थरात मोठे भोवरे तयार करतात आणि ते भोवरे वरची वेगवान हवा खाली पृष्ठभागापर्यंत आणून सोडतात.

आधी वही, मग वर्कशॉप

मॉडेल बनवायला टाकण्याआधी चार आकडे काढा. मी इथे नाका ००१५ हा सममित, म्हणजे वरखाली सारखा, छेद, १५० मिलिमीटर कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी), ६०० मिलिमीटर स्पॅन (पंखाची आडवी लांबी) आणि सेकंदाला २० मीटर वेग धरतो.

पहिला आकडा हवेच्या घनतेचा, आणि इथे कोल्हापूर आडवं येतं. पुस्तकातली १.२२५ किलो प्रति घनमीटर ही घनता समुद्रसपाटीची, १५ अंश तापमानाची. आपण साधारण ५६० मीटर उंचीवर. इथला खरा दाब ९४५ ते ९५० मिलिबारच्या आसपास असतो. प्रयोगशाळेत ३० अंश असतील तर घनता जेमतेम १.०९ येते. फरक १२ टक्क्यांचा. मोबाइलवरचं हवामान १०१० मिलिबार दाखवतं, पण तो आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. तो वापरायचा नाही. बीएमपी २८० नावाचा छोटा सेन्सर आर्डुइनोला जोडा आणि टनेलशेजारी ठेवा, मिलिबारभर इकडेतिकडे खरा दाब मिळतो.

घनतेची चूक सगळीकडे सारखी भोवत नाही. पिटो नळीनं (वाऱ्याकडे तोंड करून धरायची दाबाची नळी) डायनॅमिक प्रेशर, म्हणजे वाऱ्याच्या वेगामुळे येणारा दाब, थेट मोजून त्यानंच भागाकार करत असाल, तर लिफ्टच्या गुणांकात घनता येतच नाही. पण भिंतीवर चिकटवलेल्या ‘पंख्याचे फेरे आणि वेग’ तक्त्यावरून वेग घेतला, किंवा चक्रीच्या ॲनिमोमीटरनं मोजला, तर पूर्ण १२ टक्के अंगावर येतात. तक्ता भिंतीवरच राहू द्या.

आपल्या घनतेला २० मीटर वेगाचं डायनॅमिक प्रेशर सुमारे २१८ पास्कल आणि रेनॉल्ड्स संख्या (हवेच्या वेगाचा जोर तिच्या चिकटपणापुढे किती, ते सांगणारी) पावणेदोन लाख. विमानाच्या मानानं हे फार कमी आहे, ड्रोनच्या पंखाच्या जवळपासचं. अहवालात मोठ्या विमानाचं चित्र लावण्याआधी हे लक्षात असू द्या.

दुसरा आकडा अडथळ्याचा. पंख १६ अंशांना वळला की त्याची समोरून दिसणारी उंची ४१ मिलिमीटर होते, म्हणजे टनेलच्या उंचीच्या ७ टक्के. दुरुस्तीची सूत्रं लावून हे चालवता येतं. हाच पंख ३०० मिलिमीटरच्या टनेलमध्ये लावला तर १४ टक्के, आणि मग तुम्ही पंखाबरोबर भिंतीही मोजत असता.

तिसरा आकडा ठोक्यांच्या वारंवारतेचा. फटीपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर गुणिले वारंवारता, भागिले वेग, याला एफ-प्लस म्हणतात. अनेक प्रयोगांत तो १ च्या आसपास असताना सर्वात चांगला परिणाम दिसला आहे. फट १० टक्के कॉर्डवर ठेवली तर अंतर १३५ मिलिमीटर, म्हणून वारंवारता साधारण १५० हर्ट्झ. डॉल्बीवाल्यांच्या भाषेत हा बेसचा पट्टा. स्पीकर इथे अगदी घरच्या मैदानावर खेळतो.

चौथा आकडा झोताच्या जोराचा, सी-म्यू. दोन गुणिले फटीची रुंदी भागिले कॉर्ड, गुणिले झोताच्या आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) वेगाचं टनेलच्या वेगाशी गुणोत्तर वर्ग करून. फट १ मिलिमीटर आणि झोताचा कमाल वेग १५ मीटर, म्हणजे आरएमएस १०.६, धरला तर सी-म्यू ०.३७ टक्के येतो. काम करण्यासारखा आकडा आहे. मग स्पीकर पुरेल का? फट ५०० मिलिमीटर लांब, म्हणजे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर. १५ मीटर वेगानं सेकंदाला साडेसात लिटर हवा, दोन स्पीकरांत वाटून पावणेचार. १५० हर्ट्झला त्यासाठी प्रत्येक कोननं सुमारे ४ घन सेंटिमीटर हवा सरकवायला हवी. चार इंची कोनाचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे हालचाल ०.८ मिलिमीटर. गळती आणि घर्षणासाठी दुप्पट धरली तरी बऱ्यापैकी स्पीकर ती सहज देतो. हा हिशेब मुलं सहसा करत नाहीत. आठ इंची वूफर विकत आणतात आणि मग तो ठेवायचा कुठे म्हणून फिरत राहतात.

मॉडेल: पॅटर्नवाल्या मामांना आधी एक गोष्ट सांगा

कोल्हापूर फाउंड्रीचं गाव. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीत असे पॅटर्न मेकर आहेत की छेदाचा आराखडा हातात दिला तर ते सागवानात पंख उभा करतात. पण एक धोका आहे. ओतकामाचा धातू थंड होताना आकसतो, म्हणून ते सवयीनं प्रत्येक माप वाढवून घेतात. बिडाला साधारण १ टक्का. आमचा पहिला पंख १५१.५ मिलिमीटर कॉर्डचा आला. मामा म्हणाले, “श्रिंकेज धरलंय की ओ सर.” चूक त्यांची नव्हतीच, ओतायचं नाही हे आम्ही सांगितलंच नव्हतं.

थ्रीडी प्रिंटिंगनं केलंत तर पंख दोन-तीन तुकड्यांत येईल. सांध्यावरची पायरी नखाला लागता कामा नये. पुटी भरा, पॉलिश पेपरनं ओलं घासा. पीएलए या प्रिंटिंगच्या प्लास्टिकचा तुकडा मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, वाकतो.

आत ८ ते ४५ टक्के कॉर्डपर्यंत पोकळी ठेवा. पंखाची जास्तीत जास्त जाडी २२.५ मिलिमीटर, कवच ३ मिलिमीटरचं धरलं तर आत ७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास छेद मिळतो. पोकळी दोन्ही टोकांना उघडी, तिथेच टनेलच्या भिंतीबाहेर स्पीकरचे डबे येतील. १५० हर्ट्झला आवाजाची तरंगलांबी २.३ मीटर, त्यापुढे टोकापासून मधोमधचं ३० सेंटिमीटर अंतर लहान, म्हणून झोत स्पॅनभर बऱ्यापैकी एकसारखा येतो. बऱ्यापैकीच, मोजून खात्री करावी लागते.

फटीचे दोन्ही ओठ ॲल्युमिनियमच्या पट्टीचे करा, झोत पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करून मागच्या दिशेला निघेल असे. रुंदी फिलर गेजनं दर ५० मिलिमीटरवर तपासा. एका टोकाला ०.८ आणि दुसऱ्याला १.२ असेल तर तुमच्याकडे दोन वेगळे प्रयोग चालू आहेत असं समजा.

दाब मोजायच्या छिद्रांसाठी मेडिकलमधल्या २० गेजच्या सुया उत्तम. बाहेरून ०.९ आणि आतून ०.६ मिलिमीटर. टोक कापून पृष्ठभागाशी सपाट घासा. वरच्या बाजूला १४-१५, खाली ८-९, पुढच्या २० टक्क्यांत दाट. नळ्या पोकळीतून न नेता कवचातल्या खाचांतून न्या, नाहीतर एक गळकी नळी सगळ्या पोकळीचा दाब तुम्हाला वाचून दाखवेल. प्रत्येक छिद्र इंजेक्शनच्या सिरिंजनं ओढून बंद ठेवा; मॅनोमीटर अर्धा मिनिट हलला नाही तर नळी पास. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलेल्या प्रत्येक बॅचनं नंतर दोन आठवडे घालवलेत.

कमी रेनॉल्ड्स संख्येला पुढच्या कडेजवळ प्रवाह सुटून पुन्हा चिकटणारा बुडबुडा तयार होतो आणि तो लहरी असतो. म्हणून मी ३ टक्के कॉर्डवर दोन्ही बाजूंना ८० नंबरच्या कणांची अरुंद पट्टी चिकटवतो, सीमास्तर ठरलेल्या जागी खवळावा म्हणून. काही जणांना पट्टीशिवायचा पंख जास्त आवडतो, कारण तिथे सुधारणा मोठी दिसते. दिसते खरी, पण त्यातली किती झोताची आणि किती फक्त सीमास्तर खवळल्याची हे वेगळं काढता येत नाही.

स्पीकर बसवताना तीन खोड्या

पहिली खोडी ध्रुवांची. दोन्ही स्पीकर एकाच वेळी आत ढकलले पाहिजेत. एक उलटा जोडला गेला तर एक ढकलतो, दुसरा ओढतो, हवा पोकळीतच झुलत राहते आणि फटीवर जवळपास काही येत नाही. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा, दोन्ही कोन एकदमच पोकळीकडे किंवा एकदमच पोकळीपासून लांब उडाले पाहिजेत.

दुसरी खोडी फार कमी लोकांना आधी सुचते. आपला टनेल हवा ओढणारा. चाचणी-कक्षातला दाब खोलीपेक्षा कमी, आणि फटीजवळ पंखाच्या वरच्या बाजूला तर आणखी कमी. सगळं मिळून कोनाच्या दोन बाजूंत ७०० पास्कलचा फरक सहज पडतो. ५० चौरस सेंटिमीटरवर ते साडेतीन न्यूटन, म्हणजे कोनावर साडेतीनशे ग्रॅमचं वजन कायम ठेवल्यासारखं. कोन आत ओढला जाऊन बसतो, कॉइल चुंबकाच्या मधल्या जागेतून सरकते आणि अर्धा जोर जातो. शिवाय कोनाच्या कडेनं खोलीतली हवा गळून फटीतून सतत बाहेर येते. न मागितलेलं फुंकणं. उपाय सोपा: स्पीकरच्या पाठीला हवाबंद डबा करा आणि एका बारीक नळीनं तो पुढच्या पोकळीला जोडा. सरासरी दाब दोन्हीकडे सारखा होतो. १५० हर्ट्झचे ठोके मात्र त्या लांब बारीक नळीतून पलीकडे पोचत नाहीत.

तिसरी खोडी कंपनांची. डबे टनेलच्या भिंतीला न जोडता स्वतंत्र स्टँडवर ठेवा आणि पंखाशी मऊ रबरी कॉलरनं जोडा. डबे असे लटकत असल्यामुळे फोर्स बॅलन्स, म्हणजे बल थेट मोजणारा काटा, विसरा. लिफ्ट दाबाच्या छिद्रांवरूनच काढायची.

ॲम्प्लिफायर साधा ५० वॅटचा पुरे, सिग्नल मोबाइलच्या टोन जनरेटरमधून. आवाजाची पट्टी मोबाइलवर न बदलता नेहमी ॲम्प्लिफायरच्या बाजूला मल्टिमीटर लावून आरएमएस व्होल्ट लिहा. वहीत ‘व्हॉल्यूम पाऊण’ असं लिहिलेलं मी वाचलेलं आहे.

टनेल बंद ठेवून झोत मोजा

इथे हॉट-वायर (वाऱ्यानं किती थंड होते त्यावरून वेग सांगणारी तापलेली तार) लागतेच. पिटो नळी चालत नाही, कारण फटीच्या तोंडाशी हवा आत-बाहेर जाते आणि सरासरी शून्याजवळ राहते. कॉलेजात हॉट-वायर नसेल तर मोठ्या संस्थेतून आठवडाभरासाठी मागून आणा, पण अंदाजपंचे सी-म्यू लिहू नका.

हॉट-वायरला दिशा कळत नाही. हवा बाहेर आली तरी तार थंड होते, आत गेली तरी थंड होते. त्यामुळे १५० हर्ट्झचा सिग्नल फटीच्या तोंडाशी ३०० हर्ट्झचा दिसतो, दोन उंचवटे, एक मोठा आणि एक छोटा. मोठा फुंकण्याचा, छोटा शोषण्याचा. प्रोब दोन-तीन मिलिमीटर बाहेर नेला की छोटा उंचवटा विरत जातो, कारण शोषण सगळ्या दिशांनी होतं. यावरून कुठला कोणता ते ओळखा आणि शोषणाचा अर्धा भाग उलटा करून मगच आरएमएस काढा.

स्पॅनभर किमान सात ठिकाणी मोजा. मग ५० ते ६०० हर्ट्झपर्यंत झाडून घ्या. आमच्या पोकळीचं स्वतःचं अनुनादाचं शिखर ५०० हर्ट्झच्या आसपास आलं, पोकळी आणि फटीच्या मापांवरून अनुनाद काढायच्या हेल्महोल्ट्झच्या सूत्रानंही तेवढंच येतं. १५० त्यापासून लांब असल्यानं झोत मुकाट्यानं स्पीकरच्या मागे जातो. प्रत्येक वारंवारतेला ठरावीक झोत-वेग यायला किती व्होल्ट लागतात त्याचा तक्ता करा. पुढे वारंवारता बदलताना व्होल्ट सारखे ठेवले तर झोत सारखा राहत नाही.

हॉट-वायरची तार केसाहून कितीतरी बारीक. गळीत हंगामात उसाच्या चिपाडाची काजळी गच्चीवर पडते तशी प्रयोगशाळेतही येते, शिवाय फाउंड्रीकडची बारीक वाळू. तारेवर कण बसला की कॅलिब्रेशन हळूच सरकतं. दिवसातून दोनदा कॅलिब्रेशन, आणि काम नसेल तेव्हा प्रोबवर टोपी.

चार रन, एकही गाळायचा नाही

वर सांगितलेली आमची फजिती इथली. त्या बॅचनं गुळगुळीत, फट बंद असलेल्या पंखाशी तुलना केली होती. पण फट उघडी ठेवली की ती नुसतीच नसते. काठ सीमास्तराला ढवळतो, आणि स्पॅनभर दाब कमी-जास्त असेल तर एका जागी आत शिरलेली हवा दुसऱ्या जागी बाहेर येते. म्हणून पंखाच्या वाऱ्याशी होणाऱ्या प्रत्येक कोनाला चार स्थिती मोजायच्या.

एक, फट बंद आणि स्पीकर बंद.
दोन, फट उघडी आणि स्पीकर बंद.
तीन, फट बंद आणि स्पीकर सुरू.
चार, फट उघडी आणि स्पीकर सुरू.

झोताचा खरा फायदा म्हणजे चौथ्यातून दुसरा वजा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की नुसत्या फटीनं काय बिघडवलं किंवा घडवलं ते कळतं. तिसरा रन सर्वांना फालतू वाटतो. खरं तर तो रखवालदार आहे: झोत नसताना स्पीकरच्या आवाजानं, पंखाच्या थरथरीनं किंवा वायरींतून सेन्सरमध्ये शिरलेल्या गुणगुणीनं आकडे हलत असतील तर इथेच सापडतात. त्यासाठी फट साध्या चिकटपट्टीनं बंद करू नका. पातळ पट्टी ढोलाच्या पानासारखी थरथरते आणि स्वतःच काम करायला लागते. ॲल्युमिनियमची पट्टी फटीत घट्ट बसेल अशी कापून घ्या, वरून मेण.

फट बंद-उघडी करणं कटकटीचं, म्हणून पहिला आणि तिसरा रन एका दिवशी, दुसरा आणि चौथा दुसऱ्या दिवशी घ्यावे लागतात. दोन्ही दिवशी ८ अंशांचा एक सामाईक बिंदू पुन्हा पुन्हा मोजा. तो जुळला नाही तर दिवसच बाद.

चाचणीचा दिवस

सकाळी लवकर सुरू करा. दुपारी पत्र्याखाली तापमान पाच-सहा अंश चढतं. टनेल वीस मिनिटं चालवून ठेवा, बंद करा, सगळ्या नळ्यांचं शून्य लिहा, आणि शेवटी परत लिहा. २१८ पास्कल स्पिरिटच्या उभ्या मॅनोमीटरवर जेमतेम २८ मिलिमीटर दिसतात. नळी ३० अंशांवर कलती केली की ५६. डोळ्यांना तेवढाच आधार.

आधी धाग्यांनी बघा, मग आकडे. इचलकरंजीहून बारीक पॉलिस्टर सुताचं एक बॉबीन आणा, जन्मभर पुरेल. दीड सेंटिमीटरचे तुकडे, ओळीत, टोकाला टेपचा बारीक ठिपका. प्रवाह चिकटलेला असेल तर धागे निवांत मागे झोपतात. सुटला की वेड्यासारखे फिरतात किंवा पुढे तोंड करतात. मोबाइलवर स्लो मोशन घ्या. १४ अंशांना सगळे धागे सैरभैर असताना ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं आणि क्षणात ते ओळीत झोपले, तर वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरगंही पुढे येऊन बघतं. नंतर धागे काढा; त्यांच्यासकट दाब मोजू नका.

पंखाचा कोन ० पासून २ अंशांनी वाढवा, १० नंतर १ अंशानं, २० पर्यंत; आणि मग तसेच खाली या. स्टॉलच्या आसपास चढताना आणि उतरताना वेगळे आकडे येतात. झोत आधीपासून सुरू ठेवून कोन वाढवला तर प्रवाह धरून ठेवायला कमी जोर लागतो; सुटलेला प्रवाह परत बसवायला जास्त. दोन्ही वेगळे तपासा आणि वेगळे लिहा. प्रत्येक बिंदूवर हवा केव्हाच स्थिर झालेली असते, ती पंख ओलांडायला ७.५ मिलिसेकंद घेते. वेळ लागतो तो नळ्यांना. पंधरा-वीस सेकंद थांबा.

मग वारंवारता बदलून बघा, ५० पासून ४०० पर्यंत, सी-म्यू तसाच ठेवून. इथे शेवटचा सापळा आहे. ६०० मिलिमीटरच्या चाचणी-कक्षात २९० हर्ट्झच्या आसपास आवाजाची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते आणि कक्ष स्वतःच घुमायला लागतो. तिथे आलेल्या शिखरावर भाळू नका. वेग २० वरून १५ मीटरवर आणा. शिखर प्रवाहाचं असेल तर ते १५० वरून ११० च्या आसपास सरकेल, कारण एफ-प्लस तोच राहतो. आवाजाचं असेल तर जागचं हलणार नाही.

आकडेमोड

दाबाचे गुणांक कॉर्डवर मांडून वरखालचं क्षेत्र काढा, त्यातून कॉर्डला लंब बल मिळतं. मोठ्या कोनांना कॉर्डच्या दिशेचं बलही काढून दोन्हींचं मिळून लिफ्ट काढा. नुसत्या कोसाइननं भागत नाही. फटीच्या जागी छिद्र नाही, तिथला दाब शेजारच्या दोघांवरून सरळ रेषेनं भरला तर तसं स्पष्ट लिहा. ड्रॅगसाठी मागे नळ्यांची फणी लावता येते, पण स्टॉलनंतर तिथे हवा तिरकी आणि उलटीसुद्धा वाहते. त्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही आणि परीक्षकांनाही ठेवू देत नाही.

एकच रन तीनदा घेतल्यावर लिफ्टच्या गुणांकात जेवढा फरक पडतो, त्याच्या आत बसणारी सुधारणा ही सुधारणा म्हणून लिहायची नाही.

आणि विजेचं बिल. पंख सुटलेला असताना ड्रॅगचा गुणांक ०.१ धरला तर आपल्या मॉडेलवर साधारण २ न्यूटन ड्रॅग येतो. गुणिले २० मीटर वेग, म्हणजे ४० वॅटच्या जवळपास. दोन स्पीकर मिळून ३० वॅट खात असतील आणि ड्रॅग निम्मा होत असेल, तर २० वाचवायला तुम्ही ३० घातलेत. हे लपवू नका, आलेखात एक रेघ त्याचीही काढा. स्टॉल लांबवणं हे उड्डाणाच्या थोड्या मिनिटांचं काम असतं, तिथे हा व्यवहार परवडूही शकतो. पण ते वाचणाऱ्याला ठरवू द्या.

निकाल चांगले आले आणि जास्त रेनॉल्ड्स संख्येला बघायचं असेल तर आयआयटी कानपूरचा ३ मीटर बाय २.२५ मीटरचा राष्ट्रीय विंड टनेल आहे. तिथे जाताना चारही रनचे आकडे सोबत घ्या. पहिला प्रश्न दुसऱ्या रनचाच येईल.

पंख काढून ठेवण्याआधी फटीत मऊ ब्रश फिरवा, नळ्यांवर क्रमांकाच्या पट्ट्या राहू द्या, आणि स्पीकरच्या डब्यावर लाल खडूनं लिहा: गॅदरिंगला मिळणार नाही.